औषधांच्या खिडकीत

"पण खुर्ची सोडू की नको, एवढंच सांगा भंतेजी."

देवानंद खोब्रागडे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता. तिथेही तो थरथरत होता.

भंते सुमनतिस्स विहाराच्या पायरीवर बसून चीवराला टाका घालत होते.

देवानंद तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसत. सत्तावीस वर्षं झाली होती. चिठ्ठीवर एकदा नजर टाकली, की मागे न बघता त्यांचा हात बरोबर त्या कप्प्यावर जायचा. तीनशे औषधं तोंडपाठ. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. हाताचं थरथरणं त्यांनी सोसलं. सोसवेना ते डोक्याचं. गोळ्या मोजताना कुणी हाक मारली की आकडा निसटायचा. दोन चिठ्ठ्या एकदम समोर आल्या, की पहिलीचं काम कुठवर आलं होतं ते आठवायचं नाही. घरी त्यांनी हे कळू दिलं नाही, दवाखान्यात तर नाहीच.

"काय झालं ते सांगा," भंते म्हणाले.

मग देवानंदांनी सांगितलं. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून चार वर्षांच्या एका पोरीच्या नावाने मोठ्या माणसाच्या गोळ्या गेल्या. वॉर्डातल्या सिस्टरने पाकीट वेळेवर पाहिलं, म्हणून पोर वाचली.

"चूक कुणाच्या नावावर लागली?"

"कुंदा मेश्रामच्या."

कुंदा त्यांची सहायक. त्या दिवशी खिडकीत दोघंही होते. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा देवानंद काहीच बोलले नाहीत, तेवढं पुरलं. तिला लेखी ताकीद मिळाली.

भंत्यांनी दोरा तोडला.

"आधी ते नाव काढून या. मग विचारा."

सोमवारी देवानंद साहेबांसमोर उभे राहिले. हात खिशातून बाहेर काढला आणि सगळं सांगून टाकलं. आजार सांगितला, चूक सांगितली, गप्प राहिलो तेही सांगितलं. कुंदा शेजारीच उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिची ताकीद मागे घेतली गेली. देवानंदांची चौकशी लागली. ती संपल्यावर खिडकी त्यांच्याकडे राहिली, पण अट घालून. एका वेळी एकच चिठ्ठी घ्यायची आणि प्रत्येक पाकीट कुंदाने तपासल्याशिवाय बाहेर द्यायचं नाही.

महिनाभर कुंदा कामापुरतंही मोजकंच बोलली. एकदा चिठ्ठी हातात धरून ते नुसतेच उभे राहिले. काय शोधायला उठलो तेच आठवेना. रांग चुळबुळायला लागली. कुंदा उठली, त्यांच्या शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "सर, वरची ओळ झाली. आता खालची."

पौर्णिमेला देवानंद पुन्हा विहारात गेले. खुर्चीबद्दल आता विचारायचं नव्हतं. दिवसातून वीसदा कुंदाला विचारावं लागतं, रांगेतली माणसं बघतात, मान वर होत नाही, असं ते सांगू लागले. भंत्यांनी ऐकून घेतलं. वंदनेची वेळ झाली होती. ते उठून आत गेले. देवानंद मागच्या भिंतीशी बसले.

विहार भरला होता. भंते पन्नास वर्षं म्हणत आलेली गाथा म्हणू लागले. मध्येच त्यांचा आवाज थांबला...

सगळे वाट बघत होते. देवानंदांच्या कपाळावर घाम आला, जणू तेच अडले होते.

भंत्यांनी जोडलेले हात तसेच ठेवले आणि पुढच्या रांगेतल्या पार्बताबाईंना विचारलं, "पुढे काय, माय?"

म्हातारीने ओळ सांगितली. भंत्यांनी ती तिच्या मागून म्हटली आणि वंदना पूर्ण केली.

माणसं निघून गेल्यावर देवानंद त्यांच्याजवळ आले. दबक्या आवाजात म्हणाले, "एवढ्या लोकांसमोर, भंतेजी... लाज नाही वाटली?"

भंत्यांनी चटई गुंडाळली, भिंतीला टेकवून ठेवली.

"गाथा माझी असती, तर वाटली असती."