चुड्याची खिडकी

माझ्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखवा, मग मी तुम्हाला मानते. तुम्ही पडलात शिकलेली माणसं, तुम्हाला कुठलं खरं वाटायला! मी तीन यत्ता शिकले, त्यातली तिसरी दोनदा.

ही भिंत बघा. हा तांबुळगडचा जनाना. एवढ्या लांबलचक भिंतीला खिडकी एकच, तीबी नुसता हात जाईल एवढी. तिचा दगड कसा गुळगुळीत झालाय बघा. थांबा, आधी ती पाटी वाचा. काय लिवलंय? 'राण्यांचा विलासमहाल.' हसू नका ओ ताई. गोऱ्या साहेबानं त्येच्या पुस्तकात लिवलं, आन् आपल्या साहेबांनी ते पाटीवर उतरवलं.

माझी खापरपणजी ठकू कासारीण इथं बांगड्या भरायला यायची. जनान्यात परक्या बाप्याला बंदी, पण कासारणीला दार उघडं. कुठल्या सरदाराच्या घरात काय शिजतंय, ते तिच्या टोपलीसंगं आत जायचं. राजा पहिल्यापासनं तब्येतीनं अधू. राज्याचा शिक्का असायचा थोरल्या राणीच्या, दर्याबाईच्या कनवटीला. धाकटी मैनाबाई पत्रं लिवायची, थोरली शिक्का मारायची. सवती खऱ्या, पण एका ताटात जेवायच्या. भांडायच्याबी, लोणच्यावरनं.

मग राजानं अंथरूण धरलं, ते जनान्यातच. पोटी मूल न्हाई. गोऱ्यांचा हुकूम असा, की राजानं जित्तेपणी दत्तक घेतला तर गादी ऱ्हाईल, न्हाईतर गडावर त्यांचं निशाण. पुतण्याला आणायला घोडी पळाली. आन् इकडं न्याहारीच्या वक्ताला राजा गेला म्हणं. पुतण्या अजून नदीपल्याड. आन् साहेब? साहेब ह्या इथं, तुम्ही उभ्या हाय तिथं, खुर्ची टाकून कान लावून बसलेला.

आता रडायचं तरी कसं?

थोरलीनं सगळ्यांच्या तोंडावरनं नजर फिरवली आन् ठकूला म्हणाली, "धाकटीला चुडा भर. हिरवा."

नवरा पुढ्यात मरून पडलाय, आन् हातात हिरवा चुडा! ठकूनं टोपली पुढ्यात वढली. भरता भरता एक बांगडी फुटली, खळ्ळकन. भिंतीबाहेर साहेब ताडकन उठला. त्येच्या दुभाष्या मुनशीनं त्येला पढवून ठेवलं व्हतं, राजा गेला की राणीच्या बांगड्या फुटतात.

ठकू आतनं वरडली, "अगं बया, राणीसरकार, हात हाय का मुसळ? लोणी तरी लावा की!"

सगळ्या बायका खदाखदा हसल्या. तोंडानं हसत्यात आन् डोळ्यातनं धारा.

मुनशी खिडकीशी आला. "धाकट्या राणीसाहेबांनी हात दाखवावा. साहेब म्हणतात, आत तुमचे फार हाल होत असतील, सवत छळत असेल. राजे गेले असतील तर नुसती मूठ मिटा. या कोंडवाड्यातून तुम्हाला सोडवू. पुण्यात बंगला देऊ."

धाकटी विशीची पोर. तिनं थोरलीकडं बघितलं. थोरली हळूच म्हणाली, "हात तुझा हाय. मी अडवणार न्हाई."

हात बाहेर आला. मनगट भरून हिरवागार. पंजा उघडा. काचेची बांगडी लई चुगलखोर असती, हात जरासा थरथरला तरी वाजती. साहेब बघतच ऱ्हायला, मुनशी बघतच ऱ्हायला. एकबी बांगडी वाजली न्हाई. बाहेर दिसत व्हता एकच हात. आतनं त्येला कोपराला थोरलीनं धरलं व्हतं आन् खांद्याला ठकूनं.

साहेब खाली बसला आन् वहीत लिवलं म्हणं, नवरा आजारी असतानाबी ह्या बायका नटतात आन् खिदळतात, ह्यांना राज्यातलं काय कळणार!

उन्हं कलायच्या आत पुतण्या मागल्या दारानं आला. दत्तकपत्रावर शिक्का बसला. ह्याच खिडकीतनं साहेबाच्या हातावर साखर पडली, आन् त्येनं ती खाल्ली! त्यानंतर दोन घटकांनी आत जे रडं फुटलं, ते गडाखाली गावात ऐकू गेलं.

रीतीपरमाणं बायका चुडे फोडायला आल्या. थोरली धाकटीच्या आडवी झाली. "ह्या हातानं गादी राखली. फोडायचंच असंल तर आधी माझं टाळकं फोडा." दोघींचेबी चुडे ऱ्हायले.

लबाडी म्हणता? व्हय, लबाडीच. तुम्हाला सोसत नसंल तर साहेबाचं पुस्तक वाचा.

आजबी आमच्या गावात कुणाचा नवरा गेला, की तेराव्याला ती बाई इथं येती आन् ह्या खिडकीतनं बांगड्यांनी भरलेला हात बाहेर काढती. आतनं दोघी तिला धरून असत्यात. बांगडी कुणी फोडत न्हाई.

हा माझा हात बघा. आमच्या मालकाला जाऊन एकोणीस वर्सं झाली. मला धरणाऱ्या त्या दोघीबी गेल्या आता. वाजत्यात ना बांगड्या? वाजू द्या. आता कुठं साहेब बसलाय ऐकायला!

पाटीचा फोटो कशाला काढता, हाताचा काढा. काढला? मग जावा आता, माझ्या बांगड्यांच्या टोपलीवर सावली पाडू नका.