ओव्याच्या पानाखालची वाटी

उद्यासुद्धा आईची हाक आली नाही तर काय करायचं, या काळजीनं बकूला रात्रभर झोप लागली नव्हती. झोप न येणाऱ्यांबद्दल मला थोडंफार कळतं, म्हणून सांगते: काळजी उशीखालीच बसलेली असते. आपण कूस बदलली की तीही बदलते.

बकूचं पूर्ण नाव बकुळा. वय वर्षं सहा. टेकडीच्या पायथ्याशी, पिवळ्या मातीनं लिंपलेल्या इवल्याशा घरात ती आणि तिची आई राहायच्या. आई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची. ‘मेथी घ्या, शेपू घ्या, लालबुंद माठ घ्याऽऽ’ ही तिची हाक टेकडीवर आपटून परत यायची. संध्याकाळी त्याच आवाजात ती म्हणायची, ‘बकूऽऽ, घरी ये गं.’ पण पाच दिवसांपूर्वी तिचा घसा बसला आणि आवाज गेला तो गेलाच. हाक नाही, म्हणून कुणी दार उघडेना. मेथी पाटीतच माना टाकायला लागली.

सकाळी बकू टेकडीवरच्या जुन्या बागेत गेली. तिथे गवताच्या पात्यापात्यावर दंवाचे मणी लुकलुकत होते आणि कोपऱ्यात ओव्याचं झुडूप होतं. जाडजूड, मखमली, कातरलेल्या काठांची हिरवीगार पानं. आई याच पानांची भजी करते, आणि खोकला झाला की काढाही, एवढं बकूला ठाऊक होतं.

तिनं आधी हात जोडले. “झाडा झाडा, दोन पानं घेऊ का? माझ्या आईला हवीयत.”

तर काय, सगळ्यांत मोठं पान छत्रीसारखं वर उचललं गेलं आणि त्याखाली एक परी बसलेली. चमच्याएवढी असावी. परी मोजायची पट्टी माझ्याकडे नाही, पण डावाएवढी नक्कीच नव्हती. तिच्या पंखांवर मोरपंखी, केशरी आणि डाळिंबी रंग एकमेकांत मिसळत होते. बकू श्वास घ्यायचं विसरली.

“विचारून पान घेणारं कुणी कितीतरी वर्षांनी आलं,” परी कुजबुजली. बकूला वाटलं, पऱ्या अशाच बोलत असतील. “काय हवं तुला?”

“आईचा आवाज.”

“बाहुली नको?”

बकूनं जरा विचार केला. खरं तर बाहुली हवी होती. “आधी आवाज,” ती म्हणाली.

परीनं पानाखालून एक वाटी काढली. चाफ्यासारखी पांढरी, चंद्रासारखी गार. “नियम नीट ऐक. यात ओतलेला काढा एकाच घशासाठी. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला तरच आवाज येईल. आणि दिवे लागायच्या आत वाटी परत आण, नंतर झाडं झोपतात.” एवढं बोलताच परीला इवलासा खोकला आला. खुक्. तिनं पाकळीनं नाक पुसलं.

घरी आईनं दोन पानं धुतली, आल्याचा नखाएवढा तुकडा ठेचला, गुळाचा शेवटचा खडा टाकला आणि पाणी निम्मं होईपर्यंत उकळू दिलं. (चुलीजवळ आईच बसली होती. बकू लांब होती. हे मी मुद्दाम सांगते.) वाटीत ओतताच काढा सोनेरी झाला आणि घरभर ओव्याचा उबदार, झणझणीत वास पसरला. आई घोट घोट पीत होती. बकू तिच्या गळ्याकडे बघत होती.

एकच घोट उरला. तेव्हा आईनं वाटीवर बोट ठेवून खुणेनं विचारलं, ही कुणाची? बकूनं सगळं सांगितलं. आईनं वाटी खाली ठेवली आणि उठून डबे उघडायला लागली. त्यांच्या घरात दुसऱ्याची वाटी कधी रिकामी परत जात नसे. चिमूटभर साखर तरी घालायचीच. पण आज पिठाचा डबा रिकामा होता. साखरेच्या डब्यात एक मुंगी होती, तीही निघायच्या तयारीत.

बकूला परीचा खोकला आठवला. ती कुजबूज आठवली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “परी कुजबुजत नव्हती गं. तिचाही घसा बसलाय.”

दोघींनी वाटीतल्या घोटाकडे पाहिलं. तो प्यायला तर आवाज येणार. नाही प्यायला तर कदाचित कधीच नाही. बकूचे डोळे भरून आले. तिनं वाटी आईकडे सरकवली, मग परत स्वतःकडे ओढली. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि वाटीवर काढ्यातलंच ओव्याचं एक पान झाकण म्हणून ठेवलं.

सूर्य संत्र्यासारखा टेकडीवर टेकला होता, तेव्हा बकू बागेत पोचली.

“हे उरवलंस?” परी कुजबुजली. “अगं, मग आईचा आवाज कसा येणार?”

“आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत,” बकू हुंदका गिळून म्हणाली. “आणि तुला कुणी काढा केला नाही ना?”

“मला कुणी विचारलंच नव्हतं,” परी म्हणाली आणि घोट प्यायली.

मग ती गायली. पितळेच्या घंटेवर दंवाचा थेंब पडावा तसा तो सूर. झुडपाचं एकेक पान आतून उजळलं, हिरवं, मग सोनेरी, मग इतकं शुभ्र की टेकडीवर चांदण्यांचं शेत उगवल्यासारखं वाटलं. पाखरं फांद्यांवर गप्प झाली. बकूच्या पायांखालचं गवतसुद्धा थरथरत होतं.

“एका घशाचा नियम मीच केला होता,” परी हसली. “वाटून प्यायलं तर काय होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. ही फांदी घे. दारात खोच. कुणी मागितली तर मोडून दे, तीही रुजेल.” आणि त्या प्रकाशात ती साखरेसारखी विरघळली, वाटीसकट. बकूच्या हातात फक्त ओव्याची फांदी उरली.

तेवढ्यात खालून हाक आली. थोडी घोगरी, पण मोठी. “बकूऽऽ, घरी ये गं.” ती टेकडीवर आपटली आणि परत गेली.

बकू फांदी घट्ट धरून धावत सुटली, थेट दारात उभ्या असलेल्या आईच्या कुशीत. इथे तिनं काहीतरी सुंदर बोलावं असं मला फार वाटत होतं. मी दोन-तीन वाक्यं तयारही ठेवली होती. पण बकूनं नाक पुसलं, कुशीतून मान वर काढली आणि ती म्हणाली:

“आई, थांब हं. मी परत बागेपाशी जाते, तू पुन्हा हाक मार.”