अकरा पाट्यांचा थांबा

गाडी पुढून हँडल मारून सुरू करायचे दिवस होते, तेव्हाची ही गोष्ट. बोरमाळाच्या रस्त्यावर हैबतीनाना प्रवाशांची गाडी चालवायचा. इंजिनापेक्षा त्याचं तोंडच जास्त चालायचं, असं म्हणतात. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, सगळं त्याला ठाऊक. घरी बायको शेवंता आणि चार लेकी. चौघींना भोवती घेतल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आमच्या बोरमाळाला तेव्हा थांबा नव्हता. बायाबापड्या डोक्यावर वांग्यांच्या पाट्या घेऊन तीन कोस बाजाराला चालायच्या. नानाला ते बघवेना. गावाजवळ रस्त्याकडेच्या चिंचेखाली बाई दिसली की तो गाडी थांबवायचा.

नानाच्या वरच्या साहेबाच्या कानावर गेलं. "जिथं पाटी नाही तिथं गाडी थांबणार नाही. पुन्हा थांबलास तर नोकरी गेली समज!"

नानानं घरी येऊन सांगितलं. शेवंता म्हणाली, "पोरी मी जगवीन. तुमी थांबवा गाडी."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःच गाडीत बसला, सोबत दुसरा ड्रायव्हर घेऊन. चिंचेखाली अकरा बायका उभ्या होत्या. नानानं करकचून ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं.

"इथं पाटी आहे का?" साहेब कडाडला.

"एक सोडून अकरा हायत की, साहेब! बघा त्यांच्या डोक्यावर."

अख्खी गाडी खो खो हसली. साहेब लालेलाल. नानानं खाकी सदरा काढून त्याच्या हातात दिला आणि बनियनवर खाली उतरला. दुसऱ्यानं चाक धरलं. हँडल मारून मारून सात गडी दमले, गाडी ढिम्म. शेवटी अकरावी पाटी आत चढली आणि कुणी हात न लावता इंजिन गुरगुरलं, असं म्हणतात. खोटं वाटतंय? वाटू दे. माझी आजेसासू त्या अकरांतली होती!

नोकरी गेली ती गेलीच. पण बोरमाळानं नानाची चूल विझू दिली नाही. चारी लेकींची लग्नं गावानं लावली, आणि नाना गेला तेव्हा खांद्यासाठी भांडणं झाली.

पुढं वरून माणसं आली, थांब्याची लोखंडी पाटी रोवून गेली. गावानं उपटली. तीनदा रोवली, तीनदा उपटली. थांबायचं होतं तेव्हा आमचा नाना थांबला, आता तुमची पाटी काय चाटायची? आजही चिंचेला बांबूची पाटी टांगलेली असते. दरसाल गावातली नवी सून नानाचं नाव घेऊन नवी टांगते. नवखा ड्रायव्हर विचारतो, "पाटी कुठाय?" सगळी गाडी वर बोट दाखवते, आणि तो मुकाट्यानं थांबतो.