तानूबाईची वाटी

"बुवा, माझी बायकू मुलाण्यास्नी सामील असंल का?"

केरूबुवा शेंगा फोडत बसले होते. माळावरच्या मठात त्या दुपारी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निवास पवार. गावच्या दूध डेअरीचा चेअरमन आणि बुवांचा शिष्य. पट्टशिष्य, हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. जगात काय चाललंय ते सगळं त्याच्या खिशातल्या मोबाईलवर येतं आणि ते त्याला खरं वाटतं. माणसांचं मात्र काहीच खरं वाटत नाही.

"काय केलं शालननं?"

"घरातलं दही वतून टाकलं. ताक, लोणी, तुपाचा डबासुदिक उकिरड्यावर पालथा केला. पोरांनी कोरडी भाकरी खाल्ली."

"उगंच?"

निवास घुटमळला. "मी म्हणलो हुतो... शेजारच्या मुलाण्याच्या घरचं आपल्यात जे काय असंल ते टाकून दे म्हणून."

"मग टाकलं की तिनं."

"अहो, दूध आमच्या म्हशीचं हाय."

"आणि विरजण?"

पुरुषमाणसाला विरजणाची काय खबर? रात्री दूध झाकून ठेवलेलं असतं, सकाळी दही झालेलं असतं, एवढंच त्याला ठाऊक.

"तुजा बा गेला तवा सुतकात समदं टाकलं हुतं," बुवा म्हणाले. "सुतक फिटल्यावर पयलं विरजण जैतूननं दिलं, शकूर मुलाण्याच्या बायकूनं. त्याच दह्यातलं चमचाभर राखून रोज पुढचं लागतंय तुज्या घरात."

"शालननं मला कधी सांगितलं न्हाई."

"तू इचारलंस?"

"म्हंजे लपवलंच की."

बुवांनी फोलपटं फुंकून उडवली.

"जैतूननं तुजं काय वाईट केलं?"

निवासनं मोबाईल काढून पुढे धरला. कुठल्यातरी गोठ्यात एक बाई दुधाच्या बादलीत पुडी सोडत होती. गाव कुठलं ते कळत नव्हतं. तोंडही दिसत नव्हतं.

"ही जैतून हाय व्हय?"

"न्हाई. पण पदर बघा, तसाच घेतलाय."

"तुजी आई पदर कसा घ्यायची?"

निवासनं मोबाईल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी डेअरीची मीटिंग होती. मुलाण्याचं दूध बंद करायचा ठराव तो मांडणार होता. दारातल्या म्हशी आणि डेअरीला जाणारं दूध, यावरच शकूरचं घर चाललं होतं. हे निवासला माहीत नव्हतं असं नाही. उद्या लोक काही बोलले, तर पुढे करायला त्याला बुवांचं नाव हवं होतं. असला आशीर्वाद मागणाऱ्यांची मला चीड येते. बुवांना येत नसे.

"तुमी फकस्त डोक्यावर हात ठेवा," निवास म्हणाला.

बुवा उठले. आत जाऊन दह्याची एक वाटी घेऊन आले.

"आदी हे घे. सांजचं दूध लावायला घरात काय बी उरलं नसंल."

निवासनं हात पुढे केला, मग मागे घेतला.

"हे... कुठलं?"

"बघ की."

त्यानं वाटी घेतली, फिरवली. काठावर नाव कोरलं होतं, लग्नातल्या भांड्यावर कोरतात तसं. सौ. तानूबाई जगन्नाथ पवार. त्याची आई.

कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

"ही तर आमच्या घरची. आईनं दिली हुती व्हय मठाला?"

"आज सकाळी जैतून दही घिऊन आली, त्यातच."

निवासनं वाटी अंगापासून लांब धरली.

"आमची वाटी तिच्याकडं कशी?"

"तुजी आई पुरण घालून पाठवायची. रिकामी कशी परत द्यायची, म्हणून जैतून शिरखुर्मा घालायची. मग तुजी आई आणि कायतरी. तानूबाई गेली तवा वाटी तिकडं हुती. ऱ्हायली तिकडंच."

निवासनं दह्याचा वास घेतला. मग त्यानं बुवांकडं पाहिलं. ही नजर त्याची गावात सगळ्यांवर टाकून झाली होती. बुवांवर आज पहिल्यांदा आली.

"ती... नेहमी येती हितं?"

"येती."

"कधी बोलला न्हाई तुमी."

बुवा पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसले.

निवास उंबऱ्यात उभा राहिला. वाटी टाकवत नव्हती, तिच्यावर आईचं नाव होतं. घरी न्यावी, तर आत जैतूनचं दही होतं.

"बुवा, ही वाटी परत कुणाला द्यायची?"

बुवांनी एक शेंग फोडली.

"ज्याच्यावर तुजा संशय नसंल, त्याला."