दोघांपुरती वेगळी चूल

एका गावात एक भोळा वॉलमन होता. भोळा असं आम्ही त्याची बायको जवळ असली की म्हणायचो. ती नसली की दुसरा शब्द होता.

त्याचं नाव निवृत्ती. गावच्या पाण्याच्या टाकीचा वॉल सकाळी सहाला सोडायचा, आठला बंद करायचा, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवायचा. बत्तीस वर्षं त्यानं एवढंच केलं. एकदा पाईप फुटून शाळेत गुडघाभर पाणी झालं. मास्तर धोतर सावरत धावत आले, "अरे निवृत्ती, बंद कर, बंद कर!" निवृत्तीनं घड्याळात बघितलं आणि म्हणाला, "आठला अजून वीस मिनिटं आहेत, मास्तर." असल्या माणसाला गावानं बत्तीस वर्षं नोकरीवर ठेवलं. तेव्हा यात शहाणं कोण, ते तुम्हीच ठरवा.

त्याची बायको द्वारकाकाकू. तिची नोकरी याहून मोठी, आणि तिच्यात निवृत्ती नव्हती. घरात चौदा माणसं, आणि चौदा जणांच्या भाकऱ्या तिच्याच हातच्या. जावा होत्या दोन. एकीची कंबर दुखायची, दुसरीचं डोकं. बिचाऱ्यांचं दुखणं नेमकं भाकरीच्या वेळेलाच उठायचं. आणि सासूबाईंचा नियम ठरलेला होता, "मी जिवंत आहे तोवर या घरात चूल एकच."

निवृत्तीची नोकरी संपली, हातात थोडी पुंजी आली, तेव्हा काकू पहिल्यांदा मनातलं बोलली.

"अहो, एकतीस वर्षं झाली. आठ दिवस तरी आपण वेगळी चूल मांडू. हल्ली लोक गाडीतच घर करतात म्हणे. आत बिछाना, आत शेगडी. तसली एक गाडी करू आणि समुद्रावर नेऊन उभी करू. मी समुद्र नाही हो बघितला अजून. दोन भाकऱ्या, दोन वाट्या आमटी, आणि समोर पाणी. दुसरं काही नको मला." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

निवृत्तीचेही भरून आले. माणूस वाईट नव्हता हो. डोकं सोडलं तर बाकी सगळं जागेवर होतं.

सासूबाईंनी परवानगी दिली. "आठ म्हणजे आठच दिवस. नवव्या दिवशी भाकरीला हजर."

"दोघांपुरती गाडी बघा बरं का," काकूनं सांगितलं.

संध्याकाळी निवृत्ती जुनी स्कूटर घेऊन आला.

"हे काय?"

"दोघांपुरती. पुढं मी, मागं तू. तिसऱ्याला जागाच नाही."

काकूनं कपाळाला हात लावला. "अहो, हिच्यावर झोपायचं कुठं? जिच्यात माणूस पाय लांब करून आडवं होतं, ती गाडी बघायची. नुसती बघायची नाही, आडवं होऊन बघायची."

"आधी सांगायचं ना! आता ध्यानात ठेवलं."

ध्यानात ठेवायचा, हाच तर सगळा घोटाळा होता. विसरला असता तर गाव सुखी झालं असतं.

स्कूटर परत करून दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला. तिथं एक गाडी त्याला बघताक्षणी आवडली. लांबलचक, आत एकही सीट नाही, मधोमध माणूस बरोबर आडवं होईल असा गुळगुळीत पत्रा, आणि वर झेंडूच्या माळा लावायला हूकसुद्धा. गाडीवर लिहिलं होतं 'वैकुंठरथ'. निवृत्तीला वाटलं, कंपनीचं नाव असेल. तो आडवा झाला. हात छातीवर ठेवले. गार वाटलं, म्हणून डोळा लागला.

नेमका गावचा दूधवाला तिथून चालला होता. त्यानं वैकुंठरथात निवृत्ती बघितला आणि मोटारसायकल पिटाळत गावात आला. तासाभरात अंगण भरलं. दोन्ही जावांचं दुखणं पळालं आणि त्या अशा रडल्या, की निवृत्ती असता तर त्याला फार बरं वाटलं असतं.

आणि तो होताच. चारच्या एसटीनं आला, अंगणात गर्दी बघून टोपी काढली आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"निवृत्ती गेला."

"अरेरे! कधी?" असं म्हणून तोही रडायला लागला.

काकूनं त्याला दंडाला धरून घरात नेलं. "असली मोठी गोष्ट करायची तर आधी चार लोकांना विचारावं हो!"

"आधी सांगायचं ना! आता ध्यानात ठेवलं."

मग काकू स्वतः गेली आणि शाळेची मुलं न्यायची एक जुनी मिनीबस पसंत करून आली. गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कासममिस्त्रींकडं ती लावली. मिस्त्री म्हणाले, "निवृत्तीभाऊ, आतली मांडणी घाईनं सांगू नका. बिछाना कुठं, ओटा कुठं, ते अंगणात खडूनं गाडीएवढं आखा. त्यात वावरून बघा. मग मला सांगा."

याहून शहाणा सल्ला जगात कुणी दिला नसेल. पण तो दिला कुणाला, हेही बघावं माणसानं.

निवृत्तीनं भल्या सकाळी अंगणात गाडीएवढा चौकोन आखला, आणि रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या चार लोकांना हाका मारून विचारलं, बिछाना कुठं घालू? पहिला म्हणाला, मागं आडवा. दुसरा म्हणाला, डावीकडं उभा. तिसरा म्हणाला, उजवीकडं. चौथ्याला कमी ऐकू यायचं. तो म्हणाला, "घरी सगळी बरी आहेत." निवृत्तीनं तेही कागदावर उतरवून घेतलं.

दुपारी दोनला काकू बघते तर हा चौकोनाच्या मधोमध उन्हात उभा. घामानं निथळतोय.

"अहो, जेवायला या की!"

"कसा येऊ? दार नाही."

"दार का नाही?"

"चौघांपैकी दाराचं कुणी बोललंच नाही. तीन बिछान्यांतच जागा संपली. ओटासुद्धा बसला नाही."

"मग आत कसे गेलात?"

"गेलो कुठं? आतच होतो. आत उभा राहूनच आखलं."

काकूनं पायानं हातभर रेघ पुसली. तेव्हा तो अंग चोरून बाहेर आला, चौकट लागू नये म्हणून मान वाकवून. काकूला हसावं का रडावं कळेना. ती म्हणाली, "काहीही करायचं झालं तरी आधी मधून यायला-जायला वाट ठेवावी. एवढं लक्षात ठेवा, माझ्या राजा."

"आधी सांगायचं ना! आता ध्यानात ठेवलं."

आणि तो मिस्त्रींकडं गेला.

"बेड केवढा करू?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोघांचा. पण मधून वाट ठेवा."

"बेडच्या मधून?"

"काहीही करायचं झालं तरी. बायकोनं बजावून सांगितलंय."

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली, काढली, परत ठेवली. "बरं. आणि स्वयंपाकाचं कसं? शेगडी एकच बसवू ना?"

"छे छे! बायकोला वेगळी चूल पाहिजे."

"वेगळी म्हणजे?"

"वेगळी म्हणजे तिची वेगळी, माझी वेगळी."

मिस्त्रींनी तीस वर्षं ट्रक बांधले होते. ट्रकवाले असलं काही मागत नाहीत. पण गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, म्हणून त्यांनी केलं. महिन्याभरानं गाडी अंगणात आली. काकूनं नवं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन दार उघडलं. मधून सरळ वाट. डावीकडं एक हातभर रुंद बिछाना, एक शेगडी, एक सिलेंडर, एक तवा, एक पोळपाट. उजवीकडं हुबेहूब तेच. दोन शेजाऱ्यांचं भांडण होऊन वाटण्या झाल्यासारखं.

काकू ताट घेऊन तशीच उभी राहिली.

"अहो, मी त्या चौदा जणांपासून वेगळी चूल म्हटलं होतं. तुमच्यापासून नव्हे हो!"

निवृत्ती हळूच म्हणाला, "आधी सांगायचं ना."

या वेळी काकूला खरंच रडू आलं. मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "राहू दे. समुद्र तर दिसेल. चला उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी झाली. निरोप द्यायला मिस्त्री आले, गाडीखाली वाकून बघितलं आणि जीभ चावली. "निवृत्तीभाऊ, चाकावरचे पाटे पार दबलेत. पुढं घाट उतरायचाय. वजन कमी करा. जे जे दोन-दोन आहे, त्यातलं एकेक घरी ठेवा." एवढं सांगून ते कामाला निघून गेले. जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं, त्यांचा काय दोष!

काकू तेवढ्यात लोणच्याची बरणी आणायला आणि सासूबाईंच्या पाया पडायला आत गेली होती.

निवृत्ती मन लावून कामाला लागला. शेगड्या दोन, एक उतरवली. सिलेंडर दोन, एक उतरवला. तवा, पोळपाट, गादी, उशी, सगळं एकेक उतरवून ओसरीवर मांडलं. मग आत जाऊन बघितलं, अजून काय दोन-दोन राहिलं? चपलांचे जोड दोन होते. त्यानं काकूच्या चपला उतरवून शेगडीशेजारी नीट ठेवल्या. मग त्या चपलांकडं बघत तो विचारात पडला. जोड दोन, म्हणजे माणसंही दोन!

आता यातलं कोण ठेवायचं? गाडी चालवायला त्यालाच येत होती, म्हणून त्यानं स्वतःला ठेवलं. याला मूर्ख कसं म्हणणार? विचार अगदी चोख होता.

काकू बरणी घेऊन बाहेर आली, तेव्हा अंगणात धुरळा होता. आणि ओसरीवर एक शेगडी, एक तवा आणि तिच्या चपला.

"आलीस का जाऊन समुद्रावर?" सासूबाईंनी आतून विचारलं. जावांचं लगेच दुखायला लागलं. काकूनं नवं लुगडं सोडून जुनं नेसलं आणि चौदा जणांचं पीठ मळायला बसली. त्या दिवशी पिठात पाणी कमीच घालावं लागलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"अगं, पोचलो! फार मोठं आहे गं. मी सगळीकडं हिंडून बघितलं, वॉल कुठंच दिसत नाही. चोवीस तास चालूच!"

काकू ओरडली, "तुम्ही एकटे बघताय? आणि मी काय, इथं अंगणात बसून बघू का समुद्र?"

पलीकडून आनंदानं भरलेला आवाज आला, "अंगणात बसून? आधी सांगायचं ना!"

फोन बंद झाला.

गाडीच्या टपावर मिस्त्रींनी पाण्याची चांगली मोठी टाकी बसवली होती. निवृत्तीनं दिवसभर बादलीनं समुद्र उचलला. कपडे भिजले, कंबर गेली, पण टाकी काठोकाठ भरली. टँकरवर हात बसलेला माणूस, घाट चढून तिसऱ्या दिवशी पहाटे घरी आला. एवढं पाणी आणून टाकीतच ठेवलं तर ते दिसणार कसं, असा त्याला प्रश्न पडला. अंगणात घरचा हौद होता. त्या दिवशी गावच्या पाण्याची पाळी नव्हती, हौद कोरडा ठाक होता. निवृत्तीनं टाकीला नळी जोडली, दुसरं टोक हौदात सोडलं आणि घड्याळ बघत उभा राहिला. सहाला पाच कमी होती, म्हणून पाच मिनिटं थांबला. बरोबर सहाला समुद्र सोडला.

मोठ्या जावेनं झोपेतच हौदातलं पाणी घेऊन चौदा जणांचा चहा टाकला. एरवी ती चहाला हात लावायची नाही, पण नशीब म्हणतात ते हेच. पहिला घोट सासूबाईंचा.

त्या चूळ भरायला अंगणात धावल्या. चूळही हौदातल्याच पाण्यानं भरली.

"निवृत्त्या!" आख्खी आळी जागी झाली. "पाण्यात काय कालवलंस?"

"काही कालवलं नाही, आई. नुसता समुद्र आहे. हिला अंगणात बसून बघायचा होता."

सासूबाई कडाडल्या. "पुरे झालं तुम्हां दोघांचं! आजपासून तुमची चूल वेगळी!"

पिठाचे हात तसेच घेऊन काकू दारात आली. हे वाक्य ऐकायला ती एकतीस वर्षं थांबली होती. एकदा ऐकून भागणार नव्हतं.

"काय म्हणालात, आत्याबाई?"

"वेगळी म्हटलं! वेगळी! उचला ती शेगडी!"

काकूनं हात धुतले नाहीत. पायांत चपला घातल्या, लोणच्याची बरणी काखेत मारली आणि गाडीत चढून बसली. ओसरीवरची शेगडी तिथंच राहू दिली. एक पुरे होती.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"समुद्रावर!"

निवृत्तीनं एकदा हौदाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. त्याला तिची खरंच दया आली.

"अगं वेडे, तो तर मी आणला की उपसून. आता तिथं काय राहिलंय?"

"उरलासुरला बघू," काकू म्हणाली, आणि गाडी घाट उतरेपर्यंत तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीतून सोडलं नाही.