हाकाऱ्यांची अकरा घरं

हाकारे हे आडनाव तुम्ही कुठं ऐकलंय का? नसणारच. उंबरोशी गावात त्यांची अकरा घरं आहेत. बाकी मुलखात एखादा हाकारे सापडला तर मला येऊन सांगा. बरं, या घरांची कुलदैवतं वेगळी, देवकं वेगळी, तरी आपसांत सोयरीक करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "बहिणीशी लगीन लावता का राव?" हे कसं झालं, ते आता गडबड न करता ऐका.

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणज्याच्याही आधी, उंबरोशीत गाठीचा ताप आला. काखेत गाठ उठली की तीन दिवसांत माणूस जायचं. पंचांनी ठरवलं, धडधाकट माणसांनी ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्या घालायच्या, आजाऱ्यांना गावातच ठेवायचं. खेमाजी शेतं राखणारा गडी. पाखरं हाकलून हाकलून त्याचा आवाज असा झाला होता की, असं म्हणतात, त्याच्या हाकेनं तीन शिवारांतले बैल थबकायचे. त्याची सात वर्षांची ठकी तापली, म्हणून तो गावातच राहिला आणि सगळ्याच आजाऱ्यांना पाणी पाजू लागला. बायको सारजा मात्र माळावर गेली. तिथं आईबाप गेलेली पोरं जमली होती आणि त्यांना बघायला दुसरं कुणी नव्हतं.

रोज सकाळी खेमाजी वेशीवर चढायचा आणि गावात जिवंत असलेल्यांची नावं पुकारायचा. पलीकडं सगळा माळ कान देऊन उभा असायचा. ज्याचं नाव आलं नाही, त्याच्या झोपडीत रडं सुरू व्हायचं. सारजा ठकीचं नाव ऐकल्यावरच तोंडात घास घालायची.

एका पहाटे ठकी गेली. खेमाजीनं तिला स्वतःच्या हातानं पुरलं आणि तो वेशीवर चढला. नाव गाळलं तर सारजा धावत गावात येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती आली की तापानं जाणार, आणि तिच्यामागं माळावरची पोरं उघडी पडणार. काय करावं हो बापानं? त्यानं नाव पुकारलं. दुसऱ्या दिवशीही पुकारलं, तिसऱ्याही. असं म्हणतात, त्या हाकांनी वेशीचे चिरे हलले आणि साथच भिऊन पळाली. पळाली असेल. मला एवढंच कळतं, की मेल्या लेकीला हाक मारताना कुणाचाही आवाज चढेल.

साथ ओसरली, माणसं परतली. सारजा सगळ्यांच्या पुढं, पदराच्या ओट्यात लेकीसाठी बोरं घेऊन. खेमाजी वेशीत मान खाली घालून उभा होता. ती काय समजायचं ते समजली.

"किती दिस झालं?" तिनं विचारलं.

"बारा."

"बारा दिस मी पोटभर जेवले हो," ती म्हणाली. "हे नाही मी इसरायची."

ती त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. खेमाजीचा आवाजही त्या दिवशी बसला, तो मरेपर्यंत उघडला नाही. तशा मुक्या घरात दोघांनी ती पोरं वाढवली. मोठी झाल्यावर पोरांनी आपली आडनावं टाकली आणि हाकारे लावलं.

अजून दर पौषात एक हाकारे वेशीवर चढतो आणि गावातल्या जित्या माणसांची नावं पुकारतो. त्या वर्षी गेलेल्यांचीही पुकारतो, जित्यांमध्येच. तेवढं खोटं त्याला माफ आहे. मग गेलेल्याच्या घरातली बाई उंबऱ्यात येते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "नाही रे बाबा, ते माणूस गेलं." ती तसं म्हणेपर्यंत हाकारे पुढचं नाव घेत नाही. कधी कधी फार वेळ थांबावं लागतं.