कोंडवशीच्या घाटातली ओ

"कुणाच्या चाकाचा आवाज?" तुळसामाईनं विचारलं.

रणधीर सासने बोलता बोलता अडखळला. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट तो सांगत होता, आणि माईनं त्यातलं धरलं ते चाक.

"मकरंदच्या. माझा मित्र. मागून येतोय तो."

"बरं. मग?"

"मग काय, माई... सगळं गळून पडलं. घर नाही, फौंड्री नाही, मी नाही. पाय चालताहेत हेसुद्धा कळत नव्हतं. फक्त मागून तो आवाज. टिक टिक टिक टिक. बाकी शून्य." त्यानं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "तुम्ही सांगता ती अवस्था हीच ना?"

माईनं धुनीतलं लाकूड आत सरकवलं.

कोंडवशीच्या घाटमाथ्यावर, खिंडीला खेटून, माईचा मठ होता. मठ आपला म्हणायचा म्हणून. दोन खोल्या, एक धुनी, वर पत्रा. फाल्गुन लागला, थंडीनं पकड सैल केली, की रणधीर वर्षातली पहिली लांब राइड इथंच आणायचा. कोल्हापुरातल्या सायकल क्लबात तो स्वतःला माईचा शिष्य म्हणवून घ्यायचा. माईनं आजवर कुणाला शिष्य म्हटलं नव्हतं. पण क्लबात हे कुणी विचारलं नाही. जो सगळ्यांच्या पुढं असतो त्याला तिथं कुणी काही विचारत नाही.

"दम कुठं घेतलास?"

"घेतलाच नाही."

"वळणांवर हाळी दिलीस?"

रणधीर हसला.

ही या घाटाची जुनी रीत. डोक्यावर ओझी घेऊन माणसं कोकणात उतरायची तेव्हाची. पुढच्यानं दर वळणावर थांबून मागच्याला हाळी द्यायची. मागच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही, तर पुढच्यानं मागं फिरायचं, मग घाई कितीही असो. पहिल्या भेटीतच माईनं त्याला हे सांगितलं होतं. त्यानं ते क्लबात गंमत म्हणून सांगितलं होतं.

"हाळी कशाला, माई? आवाज येत होता ना त्याचा. पाठीला चिकटल्यासारखा."

"वळून बघितलंस?"

"चढाला वळून बघितलं की लय तुटते."

"आलाय का मग तो?"

"येईल की. शेवटच्या वळणाला असेल."

दाराबाहेर धुकं होतं. सकाळ चांगली वर आली होती, तरी खिंडीतून ते हलत नव्हतं. माईनं दोन कपांत चहा ओतला. एक त्याच्यापुढं ठेवला, दुसरा स्वतः न घेता उंबऱ्याजवळ ठेवून आली.

"ही सायकल वाजते कधी?" तिनं बसता बसता विचारलं. "तू अंगणात हातानं ओढत आणलीस तेव्हा वाजत होती. आता गप आहे."

रणधीरला समजावून सांगायला आवडायचं.

"त्याचं असं आहे, माई. पायडल मारत असलं की मागचं चाक गप्प. पाय थांबले आणि चाक नुसतं पळत राहिलं, की आतला फ्रीव्हील टिकटिकतो. म्हणजे उतारावर. पाय एकदा थांबले की..."

तो थांबला.

माई वाट बघत होती.

चढाला पाय थांबवून कोण येतं? पाय थांबले की सायकल थांबते. क्लबात काल आलेल्यालाही हे ठाऊक असतं. आणि रणधीर अख्खा घाट तो आवाज पाठीवर घेऊन, त्याला शून्य समजत वर आला होता.

"उतरून ढकलत येत असेल," तो म्हणाला. "ढकलली तरी वाजते."

"म्हणजे चालत?"

"हो."

"तुझ्या पाठीला चिकटून?"

रणधीर सवयीनं बोलून गेला, "माझ्या वेगानं चालणारा माणूस नाही, माई."

"मग माणूस नसेल," माई म्हणाली. साखर संपली आहे असं सांगावं तसं.

...

मकरंद कुंभोजकर चित्रकलेचा मास्तर. कॉलेजपासूनचा दोस्त. गेल्या दिवाळीत त्याच्या छातीत स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली ती हळू चालवायच्या अटीवर. आज पहाटे फाटकाशी त्याच्या बायकोनं रणधीरला बजावलं होतं, "भावजी, ह्यांना पुढं घाला. तुम्ही मागं राहा."

"माझ्या मागं असला की काळजी सोडा, वहिनी," रणधीर म्हणाला होता. मागं राहायचं कसं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

पायथ्यापर्यंत डांबर होतं. पळस फुलले होते. मकरंद जागोजागी थांबून बघायचा आणि रणधीर दर वेळी घंटी वाजवायचा. पुढं डांबर संपलं. तिथं फलक उभा होता. त्यावर रस्ता पूर्ण झाल्याची तारीख होती, उद्घाटन करणाऱ्यांची नावं होती, खर्चाचा आकडा होता. फक्त रस्ता नव्हता. मोकळी खडी, माती, पावसानं खाल्लेली वळणं. जाड टायरच्या सायकली असल्या तरी फेफे उडावी असा चढ.

"उतरून चालूया का रे इथनं?" मकरंदनं विचारलं होतं.

"चालायला आणलंय होय तुला? माझ्या चाकाला चाक लाव."

त्यानंतर रणधीरनं त्याचा चेहरा बघितला नव्हता.

...

बाहेर आवाज आला. टिक टिक टिक टिक.

"आला!" रणधीर ताडकन उठला. सुटकेनं त्याला हसू फुटलं. "बघा, माई! उगीच घाबरवता तुम्ही."

आवाज चढून अंगणात आला. भिंतीच्या कडेनं सावकाश पुढं सरकला. उंबऱ्याशी येऊन थांबला.

रणधीरनं दार सताड उघडलं.

धुकं. भिंतीला टेकलेली त्याची एकट्याची सायकल. चाक जागच्या जागी. उंबऱ्याजवळचा चहा अजून वाफाळत होता.

"मक्या?"

...

"इथनं नको," माई त्याच्या मागं येऊन उभी राहिली होती. "खिंडीत चल. तिथनं घाटभर ऐकू जातं."

खिंडीतल्या खडकावर तो चढला. खाली घाट असेल असं समजायचं. दिसत काही नव्हतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हात तोंडाशी नेले...

"ओऽऽ."

मकरंदचाच आवाज. स्वच्छ, खणखणीत. दम लागलेला नाही, खोकला नाही. कॉलेजात होता तसा.

"ऐकलंत? ठणठणीत आहे बेटा!"

"तू हाक मारलीस?"

रणधीरनं तोंडाशी नेलेले हात खाली घेतले.

"...मारणार होतो."

"हाकेच्या आधी येते त्या ओच्या मागं जाऊ नको," माई म्हणाली. "हाकेनंतर येईल ती धर."

त्यानं हाक मारली. "मकरंऽऽद!" धुक्यानं ती गिळली. प्रतिध्वनीसुद्धा परत आला नाही.

रणधीर उडी मारून खाली आला, धावत अंगणात गेला, सायकलवर टांग टाकली. मागून माईची काठी चाकाच्या तारांत शिरली आणि तो पडता पडता वाचला.

"माई, काय करताय! मरेल तो तिथं!"

"चालत जा."

"सायकलनं लवकर पोचेन!"

"लवकर पोचूनच इथं आलायस ना?"

काठी निघाली नाही. त्यानं सायकल तिथंच टाकली.

...

घाट तो पायांनी कधी उतरलाच नव्हता. बुटांखालून खडी निसटत होती. पहिल्या वळणावर त्यानं तोंड उघडलं, आणि ओ आली. पुढून, अगदी जवळून. पाय आपोआप पळायला बघत होते. त्यानं ते आवरले. हाक मारली. थांबला.

काही नाही.

दुसऱ्या वळणावर ओ डावीकडून आली. डावीकडं दरी होती.

"मकरंऽऽद!"

काही नाही.

पुढच्या एका वळणावर ओ त्याच्या कानाशीच आली, इतक्या मायेनं, की मान वळलीच होती. त्यानं डोळे मिटून घेतले. रडकुंडीला येऊन, घसा फाटेस्तोवर ओरडला, "मक्याऽऽ! अरे मक्याऽऽ!"

बराच वेळ काही नाही. मग खालून, खडकाआडून, चिडका, क्षीण आवाज आला.

"काय बोंबलायलायस लेका... हितंच हाय की मी."

मकरंद खडकाला पाठ लावून बसला होता. चेहरा राखेसारखा, ओठ काळे. सायकल शेजारी आडवी. डावा हात बाजूला पसरलेला, बोटं अर्धवट मिटलेली.

रणधीर त्याच्यापुढं गुडघ्यांवर कोसळला. "गोळी... मक्या, गोळी कुठाय तुझी?"

"परत?" मकरंदला बोलायला त्रास होत होता, तरी त्यानं त्याच्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. "मघाशी तूच दिलीस की. वरच्या खिशातनं काढून, जिभेखाली ठेवलीस."

"मी?"

"कळ आली तसा बसलो. तुला हाक पण मारवंना. म्हटलं, गेला हा आता. तर तू आलासच की मागं." त्यानं दम खाल्ला. "शेजारी बसलास. हात धरून. एक शब्द बोलला नाहीस. म्हटलं, रण्याला आज अक्कल आली."

रणधीरनं त्याच्या वरच्या खिशात बोटं घातली. गोळ्यांची पट्टी होती. एक गोळी फोडलेली होती.

"मग उठून कुठं गेलास मला टाकून?" मकरंदनं विचारलं.

...

त्यानं मकरंदला पाठीवर घेतलं. चढ तोच होता, पण आता तो पावलापावलानं कळत होता. दर वळणावर रणधीर थांबायचा, विचारायचा, "मक्या?" आणि मानेपाशी श्वास लागायचा, "ओ." मग पुढं.

माईनं मठात घोंगडं अंथरून ठेवलं होतं. मकरंदला त्यावर निजवलं. कळ ओसरली होती, पण अंग गार होतं आणि डोळे उघडत नव्हते.

रणधीर धापा टाकत माईकडं वळला. "त्याच्याजवळ कोण बसलं होतं, माई?"

"तू नव्हतास," माई म्हणाली, आणि पाणी तापवायला धुनीकडं गेली.

फोनला रेंज फक्त खिंडीच्या कोकणबाजूला. रणधीर तिकडं धावला. रुग्णवाहिका कोकणातून निघाली. तिकडचा रस्ता धड होता. तासाभरात येतो म्हणाले. मग त्यानं वहिनींना फोन लावला. त्या रडल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही आहात ना त्यांच्याजवळ?" तो म्हणाला, "आहे ना."

तो खिंडीत होता.

फोन खिशात टाकणार तेवढ्यात वहिनींकडून कळून क्लबातल्यांचा फोन आला. त्यानं सांगायला सुरुवात केली. धुकं कसं होतं, पायी कसा उतरलो, एकट्यानं पाठीवर घेऊन चढ कसा मारला. ऐकणारे थक्क झाले. कुणीतरी विचारलं, वेळ किती लागला? त्यानं अंदाज बांधून सांगितला, थोडा कमी करून. आवाजात पहिला जोर परत आला होता.

तो मठाच्या दाराशी आला तेव्हा आत कुजबुज चालली होती.

मकरंद डोळे मिटून पडला होता. त्याचा डावा हात घोंगड्याबाहेर, किंचित अधांतरी उचललेला होता. बोटं मिटलेली होती, दुसऱ्या हातात गुंफावीत तशी. त्या बाजूला कुणी नव्हतं. घोंगडं मात्र तिथं दबलेलं होतं.

"मक्या," रणधीर उंबऱ्यातून म्हणाला. "मी आलो."

मकरंदच्या कपाळावर आठी पडली. त्यानं तोंड दाराकडं वळवलं नाही. त्या रिकाम्या बाजूला वळवलं, आणि हळूच म्हणाला,

"रण्या... दारात कोण आलंय बघ रे."

रणधीर उंबरा ओलांडून आत आला. तो पुढं सरकला, घोंगड्यापाशी आला आणि तिथंच अडकला. त्या दबलेल्या जागेवर बसायची त्याची छाती होईना. दुसऱ्या बाजूला भिंत होती.

माई गरम पाण्याचं भांडं घेऊन आली. तिनं ते मकरंदच्या पायांशी ठेवलं, फडकं पिळलं, आणि तळवे शेकू लागली. वर बघितलं नाही.

"माई..." तो उभ्याउभ्याच म्हणाला. "मी... मी कुठं बसू?"

माईनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"आधी तिथं बसलाय त्याला ऊठ म्हण."